नारखेडे भाऊंचा मुका शो

आवाजाचं काम पुरं झालं की नारखेडे भाऊ पहिली गोष्ट करत ती म्हणजे आवाज बंद. मी घसा खरवडून निवेदन लिहावं, मान मोडेपर्यंत ते वाचून टेप करावं, मागे हौसेनं बासरी लावावी, आणि भाऊंनी शांतपणे स्पीकरचं बटण शून्यावर आणून खुर्ची मागे ओढावी. मग पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत सगळा शो ते मुका पाहत. मध्ये कोणी बोलायचं नाही, उठायचं नाही. संपला की चष्मा पुसत म्हणायचे, "बोरसे, मधात काहीच समजून नाही राह्यलं."

"आवाज लावा, म्हणजे समजेल."

"आवाज लावल्यावर त कोनालेही समजीन."

मी मुकाट्यानं चित्रं बदलायला बसायचो. भाऊंबरोबर काम करायचं म्हणजे एकच काम दोनदा करायचं, एकदा कानांसाठी आणि एकदा डोळ्यांसाठी. पगार मात्र एकाच कामाचा.

हे सगळं जळगावातलं. शेतकऱ्यांना माहिती देणारी आमची एक संस्था होती. मुख्य कार्यालय धुळ्याला आणि दृकश्राव्य विभाग जळगावला. विभाग म्हणजे मी आणि भाऊ. मी लिहायचो, भाऊ फोटो काढायचे आणि शो बांधायचे. मी मूळचा दोंडाईच्याचा. घरी अहिराणी आणि कचेरीत पुस्तकी, अशी माझी दुहेरी जीभ. भाऊ रावेरकडचे. त्यांची जीभ मात्र घरी, दारी, कचेरीत आणि साहेबांपुढे एकच होती. अंगानं काटकुळे, शर्टाच्या खिशात कायम एक मऊ पिवळं फडकं आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून पाहायची सवय. नवीन माणूस त्यांच्यापुढे आला की दोन मिनिटांत स्वतःच्या मिशीला काही लागलंय का ते पुसून बघायचा.

ऐंशीच्या दशकात आमचं काम होतं स्लाइड आणि कॅसेटचं. गावच्या चावडीत पांढरी चादर बांधायची, प्रोजेक्टर लावायचा, शेजारी टेपरेकॉर्डर. निवेदनात जिथे चित्र बदलायचं तिथे कॅसेटमध्येच एक 'टण' भरलेला असायचा. टण झालं की भाऊंनी पुढची स्लाइड सरकवायची. हे काम एखाद्या शाळकरी पोरानंही केलं असतं, पण भाऊंना ते कधी जमलं नाही. टण होऊन जायचं, माझा टेपवरचा आवाज पुढच्या रोगावर पोहोचायचा आणि पडद्यावर मागचंच पान. मी अंधारात खुणा करायचो. भाऊ पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांची तोंडं न्याहाळत बसलेले.

"भाऊ, टण झालं."

"झालं असीन. त्यायचं पाहून नाही झालं अजून. पाहू द्या ना लोकायले."

'पाहू द्या लोकायले' हे त्यांचं पालुपद. मग टेप थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा लावायची. माझ्या आयुष्याचा बराच भाग कॅसेट मागे नेण्यात गेलेला आहे.

फोटोंच्या बाबतीत तर विचारू नका. शेतकरी बोलतोय असा फोटो असला तर त्याचं तोंड उजेडात आणि समोरूनच हवं. पाठीमागे सूर्य मावळतोय, पुढे माणसाची काळी आकृती, असा एक फोटो मी एकदा फार प्रेमानं निवडला होता. भाऊंनी तो उजेडाला धरून उलटसुलट पाहिला. "याचं तोंड कुठी आहे?" म्हणाले. मी म्हटलं, भाऊ, ही कला आहे. म्हणाले, "कला असीन. पन हा काय म्हनून राह्यला ते दिसत नाही." फोटो रद्द. मी त्या दिवशी डबा न खाता नुसता चहा प्यायलो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी संस्थेनं आम्हाला संगणक दिला आणि त्याच्यासाठी एक खोली वातानुकूलित केली. जळगावच्या उन्हाळ्यात हे म्हणजे संकटाला आमंत्रण होतं. एप्रिल लागला की अख्ख्या कचेरीला संगणकाविषयी शंका यायला लागल्या. हिशेबनीस यायचे, टंकलेखिका यायच्या, एकदा तर टपाल टाकायला आलेला पोस्टमन 'फोल्डर म्हणजे काय' हे समजून घेत पाऊण तास बसला होता. सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या हा भाऊंचा नियम. दारात चपलांचा ढीग पाहून एक बाई हात जोडून आत आल्या होत्या.

शिकवायला आलेला तरुण इंग्रजी नावं घेऊन सादरीकरण शिकवून गेला. तो गेल्यावर भाऊंनी त्या सगळ्या नावांचं बारसं नव्यानं केलं. चित्र बदलताना ठिपक्याठिपक्यांनी विरघळतं त्याला 'चाळणी'. आडव्या पट्ट्या मिटतात-उघडतात त्याला 'दुकानाचं शटर'. चौकटी चौकटीनं बदलतं ते 'चौपट'. आणि संगणक आपल्या मनानं काहीही निवडतो ते 'देवाची मर्जी'. फोनवर साहेबांशी बोलतानाही भाऊ हेच शब्द वापरत. "साहेब, तिसऱ्या चित्राले शटर लावलं, पन चौथ्याले मर्जीवर सोडलं." पलीकडे साहेब काय समजत होते देव जाणे.

आवाजांचे जे तयार नमुने संगणकात होते, टाळ्या, ब्रेकची किंचाळी, टाइपरायटर, ते मला फार आवडले होते. भाऊंनी त्यांना हातही लावला नाही. अक्षरं मात्र ते सारखी मोठी करत राहायचे. एका चित्रावर तीन शब्दांपेक्षा जास्त नकोत. शेवटी एक कोरं काळं चित्र हवंच, नाहीतर शो संपल्यावर संगणकाची आतली आतडी लोकांना दिसतात. आणि वेळ. आता संगणक स्वतःच ठरल्या वेळी चित्र बदलत होता, त्यामुळे मला वाटलं होतं सुटलो. पण ती वेळ ठरवायची कोणी? भाऊंनी. प्रत्येक चित्रापुढे बसून ते तोंडातल्या तोंडात ते तीन शब्द हळूहळू उच्चारायचे, मग पुन्हा उच्चारायचे, मग मान हलवून बटण दाबायचे. तेवढ्या वेळात मी माझं निवेदन दोनदा वाचून एक जांभई देऊ शकत होतो.

असा हा माणूस. चांगला होता, पण थकवणारा. संध्याकाळी कचेरी सुटायची वेळ झाली की चित्र अर्धवट असलं तरी फडक्यानं पडदा पुसून उठायचा. "घरी वाट पाहतात," एवढंच. सहलीला नाही, कोणाच्या जेवणाला नाही. आम्ही मागून म्हणायचो, भाऊंच्या घरी भलताच धाक दिसतो. त्यांच्या घरी कोणी गेलेलं नव्हतं. कामासाठी कोणी दारात गेलंच तर भाऊ फाटकापर्यंत येऊन तिथूनच बोलणं उरकायचे.

आणि अशात बदलीचं भूत निघालं. धुळ्याचे देवरे साहेब आमचे प्रमुख. त्यांच्या डोक्यात आलं की संगणक आला, आता दृकश्राव्य विभाग जळगावला कशाला, धुळ्याला आणून टाकू. दोन माणसांपैकी एकाला तिकडे घेऊ आणि एकाला जळगावच्या साध्या कचेरीत ठेवू. मला तशी फिकीर नव्हती. म्हणजे होती, पण वेगळ्या कारणानं. धुळ्याला गेलो असतो तर दोंडाईचा फार जवळ पडलं असतं आणि दर रविवारी गावाकडचे पाहुणे, त्यांची भांडणं आणि त्यांची लग्नाळू पोरं माझ्या खोलीत येऊन बसली असती. मी जळगावात राहिलो होतो तो मुख्यतः त्यांच्यापासून लांब राहायला. पण भाऊ ज्या दिवशी ही बातमी आली त्या दिवसापासून बदललेच.

"मले धुळ्याले नाही जायाचं," ते एकदा चहा पिता पिता म्हणाले. पुन्हा थोड्या वेळानं म्हणाले. कारण विचारलं की रोज वेगळं. धुळ्याला ऊन फार. मी म्हटलं, आणि इथे काय बर्फ पडतो? मग म्हणाले पाणी जड. मग म्हणाले तिकडे भरताची वांगी धड मिळत नाहीत. या कारणांनी साहेबांचं मन वळणार नव्हतं हे त्यांनाही कळत होतं. पण त्यांची झोप उडाली होती. डोळे लाल करून कचेरीत यायचे, आणि एकदा तर संगणकाच्या खोलीत चप्पल घालून आले. ते पाहून मात्र मला काळजी वाटली.

शेवटी साहेबांचा निरोप आला. धुळ्याला शेतकऱ्यांचा मेळावा आहे, तिथे फवारणीवरचा शो दाखवा. शो बघून विभागाचं काय ते ठरवू. शो चांगला झाला की विभाग जळगावलाच राहणार, निदान आम्ही तरी त्या निरोपाचा अर्थ असाच लावला.

भाऊ जे भिडले ते भिडलेच. कपाशीवर औषध फवारताना घ्यायची काळजी, हा विषय. वारा पाठीमागे ठेवा, नाकातोंडाला फडकं बांधा, नळी तुंबली तर तोंडानं फुंकू नका. हे शेवटचं फार महत्त्वाचं. आमच्याकडे सर्रास नळी तोंडात धरून फुंकतात आणि मग उलट्या करत दवाखान्यात येतात. भाऊंनी जामनेरच्या एका शेतकऱ्याला उभं करून नळी तोंडाशी नेतानाचा फोटो काढला, त्यावर लाल फुली मारली आणि पुढच्या चित्रात तोच माणूस काडीनं नळी साफ करतोय. मी निवेदन लिहिलं, बासरी लावली. भाऊंनी आवाज बंद करून शो पाहिला, पुन्हा पाहिला, चार चित्रं बदलली, पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "आता मुक्यानंही चालते."

सगळा शो एका फ्लॉपीत मावेना म्हणून त्याचे तुकडे करून फ्लॉप्यांवर घेतले. धूळ आणि ऊन लागू नये म्हणून भाऊंनी त्या फ्लॉप्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या, डब्याभोवती पिवळं फडकं बांधलं आणि यष्टीत डबा मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईंनी वाटेत दोनदा विचारलं, "जेवून का घेत नाहीत तुम्ही?"

धुळ्याच्या सभागृहात नाशिकहून भाड्यानं आणलेला प्रोजेक्टर होता आणि तिथल्याच कचेरीचा संगणक. समोर शेतकरी, बाजूला साहेब मंडळी, मध्ये देवरे साहेब. दिवे मालवले. भाऊंनी पहिली फ्लॉपी घातली. पडद्यावर आमचं शीर्षक यायला हवं होतं. आलं ते भलतंच. इंग्रजी अक्षरं, मध्ये डॉलरचं चिन्ह, टक्क्याचं चिन्ह, एक कंस उघडलेला आणि कधीच न मिटलेला. आमचा मराठी अक्षरांचा टंक आमच्या संगणकात होता, धुळ्याच्या नव्हता. तो सोबत न्यावा लागतो हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या रांगेतल्या एका आबांनी शेजारच्याला विचारलं, "हाई इंग्रजी शे का?"

शेजारच्यानं नीट पाहिलं. "इंग्रजी बी नही शे."

मी भाऊंच्या कानाशी म्हटलं, निदान आवाज तरी आहे. आवाजही नव्हता. चित्रांबरोबर आवाजाची फाईल आपोआप जात नाही, तीही वेगळी न्यायची असते. ती जळगावच्या संगणकात थंड हवेत पडून होती. माझी बासरी, माझं निवेदन, माझा सगळा खरवडलेला घसा तिथेच राहिला होता. देवरे साहेब खुर्चीत वळून आमच्याकडे पाहू लागले. मी उभा राहिलो. निवेदन पाठ होतं, तोंडानं म्हणून टाकावं असं वाटलं. भाऊंनी माझा सदरा धरून मला खाली बसवलं.

"बसा. पाहू द्या लोकायले."

आणि त्यांनी शो पुढे सोडला. तो इंग्रजीसारखा पालापाचोळा खाली तसाच, वर चित्रं. शटर, चाळणी, शटर. माणूस वाऱ्याकडे तोंड करून फवारतोय, औषध त्याच्याच अंगावर उडतंय, लाल फुली. माणूस वळला, वारा पाठीवर, हिरवी खूण. सभागृहात पहिल्यांदा कोणीतरी खाकरलं. मग त्या आबांनी मोठ्यानं शेजारच्याला सांगितलं, "वारा पाठमांगे पाहिजे, असं म्हनी राहिना तो." तिसऱ्या रांगेतून कोणी म्हणालं, "आनि फडकं बांध म्हनस." बघता बघता सगळं सभागृह एकमेकांना शो सांगायला लागलं. नळीचा फोटो आला तेव्हा एक तरुण शेतकरी उभाच राहिला. "मना भाऊ बी असंच करस," तो म्हणाला, आणि खाली बसेना. लोकांनी त्याला विचारलं, मग काय झालं भावाला? त्यानं सांगितलं. चित्र तेवढा वेळ पडद्यावर होतं. भाऊंनी लावलेली ती कंटाळवाणी लांब वेळ त्या दिवशी पुरली. मी पहिल्यांदाच भाऊंचा शो माझ्या आवाजाशिवाय पाहत होतो, आणि खरं सांगतो, मला त्याची कमतरता भासली नाही. वाईट वाटलं, पण भासली नाही.

शो संपला, काळं चित्र आलं, दिवे लागले. देवरे साहेब उठून आले, भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "नारखेडे, आवाज नाही, अक्षर नाही, आणि एकूण एक माणसाला समजलं. हे मी आजवर बघितलं नाही."

भाऊंच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू यायला लागलं होतं.

"असा माणूस आम्हाला इथेच पाहिजे," साहेब म्हणाले. "मी ठरवलं. विभाग धुळ्याला आणि त्याचे प्रमुख तुम्ही. पुढच्या महिन्यात हजर व्हा. राहायला घरही देऊ."

साहेबांना वाटलं भाऊ आनंदानं गप्प झाले. त्यांनी आणखी एकदा खांदा थोपटला आणि जेवायला गेले.

परतीच्या यष्टीत भाऊंनी डबा मांडीवर घेतला नाही, वर सामानाच्या फळीवर टाकला. पारोळा आलं, गेलं. एरंडोल आलं, गेलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही, खिडकीबाहेर पाहत होते. मला त्यांची फार दया आली आणि थोडा रागही आला. माणसाला बढती मिळाली आहे आणि हा असा बसलाय जसा कोणी त्याचं घर जप्त केलंय. जळगावच्या स्थानकावर उतरल्यावर मी म्हटलं, "भाऊ, आज मी तुमच्या घरी येणार. खरं कारण कळल्याशिवाय जायचा नाही." ते घराकडे चालू लागले, पण मला नाही म्हणाले नाहीत.

जुन्या वस्तीतलं, तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. फाटक वाजवलं नाही, हाक मारली नाही, भाऊ सरळ आत शिरले आणि दारातल्या दिव्याचं बटण दोनदा खालीवर केलं. आतून वहिनी आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, हात पिठानं भरलेले. भाऊंकडे पाहून हसल्या, मग माझ्याकडे पाहिलं. मी नमस्कार करून म्हटलं, "वहिनी, मी बोरसे. भाऊंच्या कचेरीतला."

त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. अगदी भाऊंसारखंच. मग भाऊंकडे वळल्या.

"हे बोरसे," भाऊ त्यांना म्हणाले. आवाज न चढवता, फक्त सावकाश. "मी सांगतो ना नेहमी, ते."

"हां हां, बासरीवाले," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा मोठा आणि सपाट होता, स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा. "बसा. भाकरी टाकून राह्यले मी." आणि आत गेल्या.

एवढी वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसलो होतो. "भाऊ, कधी बोलला नाहीत?"

"कोनी विचारलं नाही." मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी आम्हाला दिसत होत्या आणि अधूनमधून पाहत होत्या. भाऊ भिंतीशी बोलावं तसं बोलू लागले. "लग्नानंतर ताप आला मोठा. तापात कान गेले. मंग ओठ पाहून समजायले शिकली. सोपं नसते ते. एकेका मानसाचे ओठ शिकावे लागते. दूधवाला शिकली, गिरनीवाला शिकली, शेजारची अक्का शिकली. आता गल्लीत सगळ्यांसंगं बोलते. एकटी बाजारात जाते. भांडते सुद्धा."

"मग धुळ्यालाही शिकतील."

"तठली बोली कोनती आहे? तुमची. तुम्ही म्हनता 'शे', आम्ही म्हनतो 'आहे'. 'आहे' म्हनलं का तोंड उघडते. 'शे' म्हनलं का दात मिटून जाते. हिले काय समजीन? आमच्या बोलीचे ओठ शिकता शिकता जवानी गेली तिची. आता या वयात शेजारीन दारात येऊन बोलीन अन् ही नुसती पाहत राहीन. पुन्हा घरात बसीन, पहिले बसे तशी. ते दिवस मी पाह्यले आहे, बोरसे. तिले अजून बदलीचं सांगितलं नाही."

मी इतकी वर्षं अहिराणी बोलतो, 'शे' म्हणताना दात मिटतात हे मला माहीत नव्हतं. मी हळूच म्हणून पाहिलं. मिटतात.

वहिनी हात पुसत बाहेर आल्या आणि आमच्या दोघांच्या मधोमध उभ्या राहिल्या. भाऊंकडे नाही, माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "हे भिताडाकडं तोंड करून बोलून राह्यले, म्हंजे काही वंगाळ आहे. महिना झाला, झोपतही नाही. गल्लीत म्हनून राह्यले, कचेरी धुळ्याले चालली. तुम्ही सांगा. यायची बदली झाली का?"

भाऊ भिंतीकडेच वळलेले. वहिनींचे डोळे माझ्या ओठांवर. मी तसा काही शूर माणूस नाही. पण त्या डोळ्यांपुढे दुसरं काही बोलताच आलं नसतं. मी म्हटलं, "नाही वहिनी. बदली माझी झाली."

त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांना कळलं नव्हतं. "काय म्हनले?"

हे वाक्य खरं करायला मला पुढे देवरे साहेबांपुढे बसून बसून किती हाडं दुखवून घ्यावी लागली, आणि धुळ्याच्या खोलीत पहिल्याच रविवारी दोंडाईच्याहून कोण कोण येऊन बसलं, ते सांगण्यात अर्थ नाही. विभाग तिकडे गेला, मी तिकडे गेलो, भाऊ जळगावच्या साध्या कचेरीत टपाल लावू लागले. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. ठरलेलं एवढंच होतं की त्यांना कळलं पाहिजे. मी पुढे झालो, दिव्याखाली उजेडात आलो, तोंड चांगलं उघडलं आणि त्यांच्या बोलीत म्हटलं, "माही. बदली माही झाली. मी जातो धुळ्याले. भाऊ अठीच आहे."

आता मात्र कळलं. त्यांनी तोंडावर पदर धरला आणि एकदम ओशाळल्यासारख्या झाल्या, कारण त्यांना आनंद झाला होता आणि तो माझ्यासमोर दाखवणं बरं दिसलं नसतं. "अरे राम," त्या म्हणाल्या, "मंग तुमच्या जेवनाचं कसं?"

तिथे खाणावळ बघीन, असं मी म्हणालो, ते त्यांना समजलं नाही. त्या भाऊंकडे वळल्या. भाऊंनी भिंतीकडचं तोंड वळवलं आणि ते माझं म्हणणं त्यांना सांगायला लागले. त्यांचा आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. वहिनींना सगळं कळलं. "मंग आज अठीच जेवा," असं मला म्हणून त्या आणखी भाकरी टाकायला आत गेल्या.